डाव्या हाताचं पाणी

"उजव्या हाताचं पाणी जसंच्या तसं राहिलं," वकिलांनी पंचनाम्यातल्या ओळीखाली पेन्सिल टेकवली. "गुलाबी झालं ते फक्त डाव्या हाताचं."

तिने ती ओळ पुन्हा वाचली.

नवरा शेजारच्या खुर्चीत बसला होता. बांधकाम परवाने देणारा अधिकारी; लाचेबद्दल चार वर्षांची शिक्षा झालेला, नोकरी गेलेला, अपिलाचा निकाल लागेपर्यंत जामिनावर बाहेर. उद्या शेवटची सुनावणी होती. अपील फेटाळलं तर कोर्टातूनच थेट तुरुंगात.

"तीन वर्षांत ही ओळ कोणी वाचलीच नाही," वकील म्हणाले. "खालच्या कोर्टात तुमच्या बाजूने पंखा तेवढा फिरत होता, असं दिसतंय."



वकील समजावू लागले. सापळ्यातल्या नोटांना एक पावडर लावतात. ती सहसा डोळ्यांना दिसत नाही, पण नोटा हाताळलेला हात सोड्याच्या पाण्यात बुडवला की पाणी गुलाबी होतं. "तो कंत्राटदार शपथेवर सांगतो, घरी येऊन पाकीट साहेबांच्या उजव्या हातात दिलं. मग उजवा हात कोरा कसा? म्हणजे गडी खोटं बोलतोय. आता न्यायमूर्ती एवढंच विचारतील, की डाव्या हाताला पावडर आली कुठून? ही पावडर एका हाताची दुसऱ्या हाताला लागते. लाचलुचपत खात्याचं पथक आलं तेव्हा तुम्ही कोणाला शिवला होतात? नाव सांगा, साहेब. सुटलात समजा."

वकील तिच्याकडे वळले.

"वहिनी, तुम्हाला काही आठवतं? पण तुम्ही तर स्वयंपाकघरात होतात, नाही का? जबाबात तसंच आहे."

"हो," ती म्हणाली.

नवरा खिडकीबाहेर बघत होता. पोलिसांपुढे, कोर्टापुढे, सख्ख्या भावापुढेही तो एकच वाक्य बोलत आला होता: मी त्या पाकिटाला हात लावला नाही. तिला मात्र त्याने कधीच काही विचारलं नव्हतं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना ती वाट बघायची, आज विचारेल. तीन वर्षं तिचा जीव टांगणीला लागला होता.

त्याने चष्मा काढून पुसला.

"कोणालाच शिवलो नव्हतो. पाकीट मीच घेतलं. डाव्या हाताने."

वकिलांनी पेन्सिल खाली ठेवली. "शुद्धीवर आहात ना? मग उद्या मी कोर्टात यायचं कशाला? तुम्हाला तुरुंगाच्या दारापर्यंत सोडायला?"

"अपील मागे घेऊ." तो उठला. "चल गं."

ती उठली नाही.

"जबाब खोटा आहे माझा," ती म्हणाली. "दार मी उघडलं होतं."

"गप्प बस," नवरा म्हणाला.

"पैसे मागितले मी, यांच्या नावाने फोन करून. घेतलेही मीच. पथक जिन्यात दिसलं तेव्हा मला कापरं भरलं होतं." तिने पंचनाम्यातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "यांना काहीच ठाऊक नव्हतं, वकीलसाहेब. बायको घाबरली म्हणून यांनी नुसता हात धरला माझा."