रामस्वामीची वेष्टी

मालोजीरावांना वाऱ्यानं आयुष्यात कधीच दगा दिला नाही. एकदाच दिला, आणि तीस वर्षं ते त्याच्याविषयीच बोलत होते.

आज ऐकायला खुद्द रामस्वामी होता. चेन्नईत, अंबत्तूरच्या मालोजीरावांच्या घरात, सोफ्याच्या अगदी कडेवर. सोमवारी मालोजीरावांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. ज्यानं जीव वाचवला त्याला त्याआधी हात जोडायचे, असा त्यांचा हट्ट. म्हणून गाडी पाठवून त्याला तंजावरहून आणवलं होतं.

"आपलं ते फवारणीचं पिवळं विमान आठवतं?" मालोजीरावांनी विचारलं.

"इंजिनाचा आवाज अजून कानात आहे, सर."

दोघं म्हातारे खुलले. पहाटेचं दव, ओल्या भाताचा वास, औषधाचा उग्र दर्प, तोंडाला पदर लावून बांधामागं पळणाऱ्या बाया. मालोजीराव रोपांवरून इतक्या खालून फवारत जायचे की शेंडे वाकायचे. शेताच्या टोकाला रामस्वामी पांढरं निशाण धरून उभा. त्याच्या रोखानं यायचं आणि ताडांच्या आधी वर चढायचं. निशाण खाली पडलं, की धोका.

"आडीचा महिना होता," मालोजीरावांनी आषाढातल्या त्या दिवसाची गोष्ट सुरू केली.

"आडीच्या वाऱ्यात पाटाही उडतो," त्यांच्या पत्नी सईबाईंनी फिल्टर कापीचे पेले ठेवत पुढचं वाक्य म्हणून टाकलं. "माझं पाठ आहे हो. तुम्ही दम खा जरा."

पण ते थांबले नाहीत. टाकी भरलेली, समोर ताड, आणि समोरचा वारा एकाएकी फिरून पाठीशी आला. पाठीवर वारा घेऊन जड विमान चढत नाही. त्यांना विमानात काहीच कळलं नव्हतं. दिसलं ते एवढंच, की रामस्वामीनं निशाण फेकलंय, लुंगीसारखी नेसलेली वेष्टी सोडलीय आणि नुसत्या लंगोटीवर ती डोक्याभोवती फिरवत नाचतोय. त्यांनी सगळं औषध तिथंच सोडलं आणि दांडा ओढला. चाकांनी झावळ्या तोडल्या. ताड मागं राहिले.

तेव्हापासून दर दिवाळीला टी. नगरमधून जरीकाठी वेष्टी तंजावरला जायची. यंदाची त्यांनी स्वतःच्या हातांनी दिली. रामस्वामीनं ती उलगडली, दोनदा जोरात झटकली, उलटसुलट पाहिली आणि मगच मांडीवर घेतली.

"अश्शीच!" मालोजीरावांचे डोळे भरले. "त्या दिवशीही अश्शीच झटकत होतास. सोमवारचं काही सांगता येत नाही, रामस्वामी. एकदा कळू दे. वारा फिरला हे माझ्याआधी तुला कसं कळलं?"

रामस्वामीनं सईबाईंकडे पाहिलं. मग वेष्टीकडे.

"वारा फिरला होता, सर?" तो म्हणाला. "माझ्या वेष्टीत लाल मुंग्या शिरल्या होत्या."