बाबांच्या नावाचा जंतू

"हा जंतू जगात कुणाच्याच यादीत नाही," लेकीने जेवता जेवता जाहीर केलं. "पहिल्यांदा मला सापडलाय."

"तुझ्या बाबांसारखाच. दुसरा नमुना मिळायचा नाही," आई म्हणाली. "चष्मा कपाळावर, मास्क नाकाखाली. जागेवर काय ते फक्त हात. म्हणून तर गुडघा त्यांच्या हाती देतेय."

बाबा मिशीतल्या मिशीत हसले. हाडांचे डॉक्टर म्हणून बाहेर त्यांचा दबदबा. घरात आईपुढे त्यांचं काही चालत नसे.

त्यांनी गुडघे बदललेल्या काही रुग्णांच्या जखमा चिघळल्या होत्या. एका शिक्षिकेचा तर पाय कापावा लागला. बाबांच्या जिवाला ते फार लागलं. ऑपरेशन थिएटर बंद झालं आणि पुढचा नंबर नेमका आईचा होता. जिना चढताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

लेक जंतूंच्या प्रयोगशाळेत होती. तिने जखमांतला पू घेतला, त्यातला जंतू वाढवला, त्याची जनुकं अक्षर न् अक्षर वाचली. ओळखीच्या एकाही जातीशी ती जुळेनात. मग थिएटरमधल्या हात धुवायच्या नळावर तोच जंतू निघाला. चोर सापडला! नळ बदलले, भिंती धुतल्या, पुन्हा तपासलं. कुठे मागमूस नव्हता.

"आता खुशाल करा आईचं ऑपरेशन," ती म्हणाली. "माझी पक्की खात्री आहे. आणि बाबा, जंतूला मी तुमचं नाव देतेय. लॅटिन शेपूट लावून."

"पुवातल्या जंतूला? चांगले पांग फेडलेस हो!" बाबा म्हणाले आणि ऐटीत मिशीला पीळ दिला.

"एकच सोपस्कार उरलाय. धडधाकट माणसांच्या नाकात हा जंतू नसतो, एवढं शोधनिबंधात दाखवायचंय. शेजारच्या काकूंनीसुद्धा नमुना दिला. करा मान वर."

बाबांनी नाक पुढे केलं, आत कापसाची काडी फिरताच एक सणसणीत शिंक दिली आणि तिघंही हसत सुटली. नमुन्याच्या नळीवर खरं नाव लिहायचं नाही, असा प्रयोगशाळेचा नियम होता. तिने टोपणनाव टाकलं आणि नळी इतर नळ्यांबरोबर पाठवून दिली.

ऑपरेशनच्या दिवशी ती थिएटरबाहेर निवांत बसली होती. काळजी करण्यासारखं तिने काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

दार उघडून बाबा बाहेर आले. मास्क नेहमीसारखाच नाकाखाली.

"झकास बसलाय गुडघा," ते म्हणाले. "तुझी आई आता जिने चढेल बघ."

तिने त्यांना मिठी मारली. तेवढ्यात फोन वाजला. प्रयोगशाळेतली मैत्रीण होती.

"नाकांचे निकाल आले गं. सगळी साफ आहेत, एक सोडून. त्यात आपला जंतू गच्च भरलाय, जनुकं तंतोतंत तीच. नळीवर 'मिशी' लिहिलंयस. कोण गं हे?"