लायब्ररी देता येणार नाही

"लायब्ररी कुणालाही देता येणार नाही," असं रंगनाथनं वाचून दाखवलं, तेव्हा प्राचार्य माणिकरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

अटींचा तो कागद कंपायलरच्या खोक्यातून निघाला होता. आपण लिहिलेला प्रोग्राम कॉम्प्युटरला चालवता येईल असा करून देणारा हा कंपायलर कंपनीच्या मालकीचा, कॉलेजला फक्त वापरायला. गणिताच्या सत्यशीलाबाईंनी त्यावर कालव्याच्या पाणीपाळीचा प्रोग्राम केला होता. कुणाच्या रानाला किती तास पाणी, ते तो सांगायचा. बाईंना तो गावोगाव फुकट वाटायचा होता, आतल्या आकडेमोडीसकट. म्हणजे कालव्याच्या शेवटाकडच्या माणसाला 'आत कायतरी काळंबेरं हाय' म्हणायला जागा नको.

कायद्याचं इंग्रजी माणिकरावांना झेपत नसे. ते काम ग्रंथपाल रंगनाथचं. त्यानं अर्थ लावला तो असा: प्रोग्राम खुशाल वाटा, लायब्ररी मात्र कंपनीच्या परवानगीशिवाय द्यायची नाही.

त्याच दुपारी ग्रंथालयाला कुलूप लागलं. कंपनीच्या आदेशावरून पुस्तकं देणं बंद, अशी दारावर सूचना. पोरांनी ती वाचली आणि क्रिकेट खेळायला गेली.

सत्यशीलाबाईंनी माणिकरावांना नीट समजावलं. ही लायब्ररी म्हणजे कंपायलरबरोबर आलेले तयार तुकडे. ते प्रोग्रामच्या आत जाऊन बसतात, म्हणजे अडलाय तो प्रोग्रामच.

"तुमच्या प्रोग्रामात कोण जाऊन बसलंय ते तुमी बघा," माणिकराव म्हणाले. "लायब्ररी माझ्या ताब्यात आहे."

बाईंनी कंपनीला पत्र घातलं. तोवर मानवत, जिंतूरहून फ्लॉप्या घेऊन येणाऱ्यांना त्या चहा पाजून परत पाठवत राहिल्या. मागच्या पाळीला दोन गावांत कुऱ्हाडी निघाल्या होत्या. पुढची पाळी आठ दिवसांवर आली तेव्हा उत्तर आलं. प्रोग्रामच्या आत बसलेली लायब्ररी वाटायला हरकत नाही, फक्त या पत्रावर प्राचार्यांची सही घेऊन ते परत पाठवावं.

सही करण्याआधी माणिकराव पत्र रंगनाथकडूनच वाचून घेणार, म्हणून बाई आधी त्याच्याकडे गेल्या. तो कुलूपबंद ग्रंथालयाच्या दाराशीच बसला होता.

"मामा, सुटलो. लायब्ररी देता येते म्हणे."

रंगनाथनं पत्र दोनदा वाचलं, घडी घातली.

"पाळी झाल्यावर दाखवलं तर न्हाई का चालायचं?"

"तोवर डोकी फुटतील, मामा. आणि तुमचंही कुलूप निघेल की. ती चूक निस्तरायचीच आहे."

"चूक न्हवती, मॅडम. कागदातली लायब्ररी कोणती, ते मला पयल्याच दिशी कळलं होतं."

रंगनाथनं खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि दार ढकललं. आत सोळा कपाटं ओळीनं उभी होती. सगळी उघडी, सगळी रिकामी.

"लायब्ररी तर मी मागल्याच साली दिली," तो म्हणाला. "किलोवर."