डोकं आत की बाहेर?

"पिशवीला जहाज म्हणते आणि जहाजाला पिशवी," प्रानोमबाई म्हणाल्या. "तिला पुढच्या वर्गात घालू कशी, तुम्हीच सांगा."

 वांदीच्या लेकीला, चोम्फूला, कुठलीही गोष्ट एकदा ऐकली की पाठ. सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ बघून आली, की राक्षसापासून विदूषकापर्यंत सगळ्यांची बोलणी आवाज काढून म्हणून दाखवी. पण छापील अक्षर समोर आलं की पोरीचं घोडं अडलंच. त्यांच्या लिपीत पिशवीचा 'थ' आणि जहाजाचा 'फ' जुळ्या भावांसारखे. एकाचं डोकं, म्हणजे खालची गाठ, आत वळलेली, दुसऱ्याची बाहेर. वर्गातली मुलं तिला म्हैस म्हणत.

"मी म्हैसच आहे का, आजोबा?" तिनं एकदा विचारलं.

वांदीचे वडील, चुआन, पायरीवर बसले होते. जन्मभर तळ्यात जाळी टाकली, आता मोतीबिंदूनं डोळे गेलेले.

"म्हशीला गोष्टी येतात होय गं?" ते म्हणाले. "पुस्तक आण. मला दिसत नाही, तेव्हा अक्षर कसं आहे तेवढं तू सांग. नाव मी सांगतो."

"खाली गाठ आहे."

"डोकं आत की बाहेर?"

तिनं बोट फिरवून पाहिलं. "बाहेर."

"डोकं बाहेर काढून समुद्र बघतंय, म्हणजे जहाज. आत घातलं की पिशवी."

त्या दिवसापासून शाळा सुटली की दोघं पायरीवर. आजोबा कधी खेकसत नसत, कधी घाई करत नसत. त्यांना वाचून दाखवणारं दुसरं कोणी नाही, हे चोम्फूनं मनावर घेतलं होतं.

मग देवळातल्या भिक्खूंनी गावच्या म्हाताऱ्यांना गाडीत घालून शहरात डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला नेलं. चुआन काळा चष्मा लावून परतले.

"काही उपयोग नाही. नसच वाळलीय म्हणे."

वांदीला रडू फुटलं. म्हातारा मात्र हसत होता. "अगं, आपल्या भाषेत डोळाही 'ता' आणि आजोबाही 'ता'. एक गेला तरी एक आहे ना!"

शेजारचा सोमखिट बुद्धिबळाचा पट घेऊन यायचा. "सोंगट्या मी सांगतो, तू नुसती चाल बोल."

"नको रे बाबा, आता नाही जमायचं." एकेकाळी डाव अर्धा टाकून जेवायलाही न उठणारा माणूस! आता तो नातीच्या खांद्यावर हात ठेवून देवळात जायचा, भाताची मूद चाचपत खायचा. आणि दुपार झाली की पुन्हा पायरीवर. चोम्फू अडखळण्याआधीच ते "सावकाश" म्हणत. श्वासावरून ओळखतात, वांदीला वाटे. स्वतःवर एवढी आपत्ती, आणि जीव सगळा पोरीत.

वर्ष संपताना शाळेत प्रत्येक मुलाला गावासमोर एक पान वाचायचं होतं. चोम्फू उभी राहिली तशी मागून कोणीतरी म्हशीसारखं हंबरलं. ती थांबली. बोट ओळीवर टेकवलं. मग एकेक शब्द सोडवत, दोनदा चुकून स्वतःच दुरुस्त करत, ती पानाच्या शेवटापर्यंत पोचली.

"वरच्या वर्गात घातली हो तुमची पोर," प्रानोमबाई म्हणाल्या.

घरी येऊन वांदीनं लेकीला जवळ घेतलं. "सगळी पुण्याई आजोबांची. तुला वाचताना एकदा तरी त्यांनी बघायला हवं होतं गं."

चोम्फूनं आजोबा आसपास नाहीत ना, हे पाहिलं आणि आईच्या कानाशी तोंड नेलं.

"त्यांना दिसतं, आई. शहरातून आले ना, तेव्हापासून. मी एकदा मुद्दाम पुस्तक उलटं धरलं, तर त्यांना हसू आवरेना. पण तू बोलू नकोस हं, मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही."