सुरी लागू नये

"सुरी आमच्या अंगाला लागणार नाही!" पाद्रीबाईंनी हात उंचावून म्हटलं, आणि चर्चच्या पत्र्याखाली जमलेल्या पोटुश्या बायका एका सुरात गरजल्या, "आमेन!"

मोरेनिकेचं तोंड तेवढं मिटलेलं.

शेजारी उभ्या सासूने तिला कोपराने ढोसलं. आपली सगळी बाळंतपणं घरच्या चटईवर उरकलेली ही बाई. सुनेचं पोट फाडायचं म्हणजे तिला घराण्याचं नाक कापल्यासारखं वाटत होतं. "बोल ना गं! सगळ्या इबादान शहरात शोभा करायचीय का?"

"नाही बोलणार, आई."

ढोल थांबला. पाद्रीबाईंना सगळं चर्च मम्मी म्हणे, आणि मम्मींना गप्प बसलेलं माणूस खपत नसे. तेलाची बाटली घेऊन त्या समोर आल्या. "सिस्टर, पोटातल्या गाठीला भ्यालीस होय? आज तेल लावते, वितळून जाईल. तू नुसतं आमेन म्हण."

मोरेनिकेचं डोकं सणकलं. पाचव्या महिन्यात गर्भपिशवीतली ती गाठ आतल्या आत सडायला लागली, तेव्हा कळांनी ती गुरासारखी ओरडली होती. तेव्हाही हेच तेल चोळलं होतं यांनी. कळा थांबल्या त्या दवाखान्यात, सलाइन आणि औषधांनी.

"मम्मी, गाठ नारळाएवढी झालीय. बाळाच्या वाटेतच आडवी बसलीय. सोमवारी डॉक्टर पोट कापूनच बाळ काढणार. आणि मी देवाकडे काय मागू? सुरी लागू देऊ नको? त्याने ऐकलं म्हणजे?"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि डोक्याचं फडकं तोंडात कोंबलं.

"विश्वास कमी पडतोय तुझा," मम्मी म्हणाल्या.

"विश्वास आहे म्हणून तर भीती वाटतेय!" मोरेनिकेने स्वतःच हात वर केले. लेकरासाठी ती आज कुणालाही भिडली असती. "देवा, सुरीला धार असू दे. डॉक्टरचा हात थरथरू देऊ नकोस. रक्त कमी पडू देऊ नकोस. आणि ऐन वेळी वीज घालवू नकोस. आमेन!"

बायका मम्मींच्या तोंडाकडे बघू लागल्या. मम्मी बाटलीला बूच लावू लागल्या.

सासू डोळे मिटून उभी होती. तिने घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आणि देवा, जनरेटरमध्ये डिझेल असू दे. आमेन."