दोन टेकड्यांची लिंक

"बटणाला हात लावलास तर बघ! रेडिओवर बोलायचं लायसन्स आहे का तुझ्याकडे?" बाबांनी माझ्या हातातून माईक हिसकावला.

"लिंक मी जोडायची आणि बोलायचं तुम्ही? वा रे वा!" मीही तापलो.

आमच्या टेकडीवर हौशी रेडिओवाल्यांचा रिपीटर आहे, म्हणजे आवाज पकडून लांब फेकणारा डबा. पलीकडच्या गावात तसाच दुसरा. दोन्ही जोडायला नवी मशिनं घ्यायची कुणाची ऐपत नव्हती. मग मी भंगारातून टॅक्सीवाल्यांचे दोन जुने वायरलेस सेट उचलले आणि सतरा दिवस त्यांचे स्क्रू पाव-पाव आटा फिरवून आवाजातली घरघर घालवली. त्या दिवशी पहिल्यांदाच दोन्ही गावं एकमेकांना ऐकत होती.

तेवढ्यात पलीकडच्या गावचे डॉक्टरकाका बोलले, "काय खणखणीत आवाज येतोय हो! कुठल्या इंजिनीयरला धरलंत?"

आता बाबा श्रेय ढापणार, मला माहीतच होतं.

"इंजिनीयर कसला, आमचं कार्टं आहे. आठवीत शाळा सोडलेलं," बाबा म्हणाले.



"अहो, मग त्याचा आवाज ऐकवा की!"

"ऐकवतो ना. पुढच्या रविवारी लायसन्सची परीक्षा आहे त्याची. फॉर्म मीच भरलाय."

तेव्हापासून रोज सकाळी दोन्ही गावांतले सदतीस जण रेडिओवर विचारतात, "काय रे, अभ्यास झाला का?"



आणि एकेकाला उलटून बोलायचं तर आधी पास व्हायला लागेल, म्हणून निघतो आता, आज दहाला पेपर आहे.