आढ्याखालचा पट्टा

उद्या तेरवी, म्हणून गिरजाबाईनं सकाळीच घमेलंभर पांढरी माती कालवली. घरातलं माणूस गेलं की तेरवीआधी भिंती पोतारायच्या, तशी रीतच आहे. पण गिरजाबाईला रीतीची घाई नव्हती. तिला तो रंग मिटवायचा होता.

मधल्या खोलीची उंच भिंत पीच रंगाची होती. तिच्या पोरानं, रोशननं स्वतः लावलेला प्लास्टिक पेंट. आढ्याखालचा पट्टा तेवढा राहिला होता. स्टुलावर चढूनही हात पोचेना. ब्रश बांधायला बांबू हवा म्हणून तो जंगलात गेला, आणि तिथं त्याला वाघानं धरलं.

तेव्हापासून गिरजाबाई आल्यागेल्याला एकच सांगत होती. "आमच्या घराले पिढ्यान् पिढ्या पांढरी माती पुरली. या सुनेले सोललेल्या कातड्याचा रंग पाह्यजे होता. खाल्ला ना मंग पोरगा." तेरवी झाली की सुनेनं, डिंपलनं, चिमूरला माहेरी जायचं, हेही तिनंच ठरवून टाकलं. डिंपलचा भाऊ न्यायला येऊन ओसरीवर बसलेलाच होता. डिंपल काहीच बोलत नव्हती.

शेजारची गुणाबाई म्हणाली, बाई, गुळगुळीत पेंटावर माती नाही धरत. गिरजाबाईनं तिला उडवून लावलं. तुझ्या हातची नसेल धरत, म्हणे.

दुपारपर्यंत भिंत पांढरी झाली. मग माती वाळली आणि मासोळीचे खवले निघावे तशी सुटू लागली. गिरजाबाईनं शेण मिसळून पुन्हा हात दिला. पुन्हा खवले. शेवटी ती नखांनीच रंग खरवडायला लागली. नखांत पीच रंग भरला, रक्त आलं. भिंत होती तशीच.

डिंपलनं येऊन तिचं मनगट धरलं.

"राहू द्या, माय. मले निळा पाह्यजे होता. हा रंग त्यायनं घेतला."

गिरजाबाई तिच्याकडे वळली.

"मंग इतके दिवस काऊन नाई बोलली?"

"तुमी त्यायलेच बोलल्या असत्या."

ओसरीवरून भावानं विचारलं, बॅग भरून झाली का.

गिरजाबाई उठली, परसात गेली. कुडाला टेकून तो बांबू उभा होता. रोशनला उचलून आणणाऱ्यांनी तोही आणला होता, आणि तेव्हापासून त्याला कोणी शिवलं नव्हतं. तिनं तो आत आणला, पदराची किनार फाडली, टोकाला ब्रश घट्ट बांधला आणि सुनेच्या हातात दिला.

"डबा उघड."

रंगावर साय धरली होती. डिंपलनं ती बोटानं बाजूला सारली, ब्रश बुडवला, बांबू वर नेला. टाचा उचलल्या. तरी ब्रश पट्ट्याच्या खालीच थांबला. बांबू रोशननं आपल्या उंचीच्या मापानं तोडला होता.

गिरजाबाईनं स्टूल ओढलं. डिंपल चढली तशी ती दोन्ही हातांनी स्टुलाचे पाय धरून खाली बसली, सुनेच्या पायांशी.